सोमवारीच एवढा पाऊस का पडतो?

आमच्या शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे आणि त्याची एक जाड वही आहे. शाळा नाशिकच्या बाहेर, गंगापूर रोडने गिरणारेकडे जाताना लागते. आमचे शिपाईमामा रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जातात, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओततात, मिलिमीटर वाचतात आणि वहीत लिहितात. हवामान खात्याचीही हीच वेळ, सकाळचे साडेआठ, तेव्हा जो आकडा येतो तो आदल्या २४ तासांचा पाऊस. २०१५ पासूनची वही कपाटात होती आणि रोजचा आकडा लिहिण्यापलीकडे कुणीच ती उघडत नव्हतं. मी आठवी-नववीला गणित विज्ञान शिकवते, सांख्यिकीचा धडा आला की पुस्तकातले तेच विद्यार्थ्यांचे गुण आणि तीच कामगारांची मजुरी, मुलं सरासरी काढतात, उत्तराला चौकट करतात, पुढचं गणित. तेव्हा मनात आलं की आपल्या गच्चीवरचा पाऊस घेऊनच हे शिकवावं.

पण त्यासाठी कॉम्प्युटर लॅब चालू हवी आणि ती नव्हती. १२ मशीन कधीतरी देणगीत आलेली, प्रत्येकात २ जीबी रॅम, त्यातल्या ऑफिस सॉफ्टवेअरची मुदत संपलेली, फाईल उघडायची पण बदल सेव्ह करू द्यायचं नाही. नूतनीकरणाचं कोटेशन मागवलं तर तो आकडा आमच्या विज्ञान प्रयोगशाळेच्या वर्षभराच्या खर्चापेक्षा मोठा निघाला. म्हणून मी मुख्याध्यापक सरांना म्हणलं, सर आपण विंडोजऐवजी लिनक्स टाकूया, ती फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ते म्हणाले, "फुकटचं आहे म्हणजे काहीतरी खोट असणार, मॅडम." त्यांचं चूक नाही, आपल्याकडे फुकट म्हणलं की तसंच वाटतं. मी त्यांना केरळचं सांगितलं, तिथल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवरच चालतात, स्वतःची लिनक्स बनवून वापरतात. आणि हे फुकट असण्यापेक्षा मुक्त असणं महत्त्वाचं आहे, म्हणजे वापरा, आतला कोड बघा, बदला, दुसऱ्याला कॉपी द्या, कशालाच कुणाची परवानगी नको. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला तो याच विचारावर. हा फरक नीट लक्षात ठेवावा लागतो, उदाहरणार्थ जिओजेब्रा आम्ही भूमितीला वापरतो, छानच आहे, शिकवण्यासाठी पैसे लागत नाहीत पण व्यवसायासाठी वापरायचं असेल तर त्याच्या अटी वेगळ्या आहेत. लिबरऑफिस, म्हणजे त्या मुदत संपलेल्या ऑफिसच्या जागी वापरायचं मुक्त सॉफ्टवेअर, त्याचं तसं नाही. ते मी शाळेत टाकावं, मुलीने घरी न्यावं, तिच्या वडलांनी धंद्याच्या हिशोबाला वापरावं, सगळं चालतं.

सर तयार झाले, पण म्हणाले आधी दोनच मशीनवर करून दाखवा.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आमचे कलाशिक्षक सर, आम्ही दोघं पेनड्राइव्ह घेऊन बसलो. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार, तो एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपसोबत टाकायचं ठरवलं कारण ते जुन्या मशीनवर हलकं चालतं. पहिलं मशीन तासाभरात झालं. दुसऱ्यावर इन्स्टॉल झालं पण पुढे काहीही डाउनलोड करायला गेलं की ते म्हणे सॉफ्टवेअरची ही यादी अजून वैध झालेली नाही. अर्धा दिवस गेला. नेट बदललं, मोबाईलचं हॉटस्पॉट लावून बघितलं, शेवटी कलाशिक्षक सरांचं लक्ष कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं, तिथे २०१० ची तारीख. मदरबोर्डवरचा बटणसेल मेलेला, त्यामुळे वीज गेली की मशीन मागच्या काळात जायचं आणि त्याच्या दृष्टीने आजची यादी भविष्यातली होती! सीआर २०३२ नावाचा तो सेल मेन रोडवरच्या दुकानातून डझनभर आणला, सगळ्या मशीनमध्ये बदलला. तुम्ही जुन्या मशीनवर हे करणार असाल तर सगळ्यात आधी तारीख बघा.

मराठी टायपिंगसाठी आयबस नावाचं सॉफ्टवेअर लावलं, त्यात इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कळरचना पण आहे आणि उच्चारानुसार टाइप करायची सोय पण आहे. मुलांनी उच्चारवालं निवडलं. लिबरऑफिसमधलं कॅल्क, म्हणजे रकान्यांत आकडे भरून हिशोब करायचं सॉफ्टवेअर, मी स्वतः आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवरून शिकले, त्यात मराठीतून सांगितलेले छोटे छोटे व्हिडिओ आहेत, थोडं बघायचं, थांबवायचं, शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं, मग पुढे. रात्री स्वयंपाक आवरल्यावर रोज एक. पंधरा दिवसांत मला पिव्हट टेबल, म्हणजे मोठ्या यादीतून गटागटाने बेरीज-सरासरी काढणारा तक्ता, यायला लागलं.

मग वही. २०१५ ते २०२२ आठ वर्षं, जून ते ऑक्टोबर १५३ दिवस, म्हणजे १२२४ ओळी. लिनक्सची मशीन दोनच, म्हणून तीन-तीन मुलांचे गट आळीपाळीने बसायचे, एकजण वाचणार, एकजण टाइप करणार, एकजण तपासणार. आणि इथे माझ्याकडून मोठी चूक झाली, ती सविस्तर सांगते कारण माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते यातून. मी मुलांना आकडे भरा एवढंच सांगितलं, वहीत आकडा नसेल तर काय करायचं ते सांगितलंच नाही. वहीत कुठे रिकामं घर होतं, कुठे आडवी रेघ, कुठे "निरंक", कुठे "थेंब थेंब", कुठे "१२ मिमी" असं युनिटसकट. एका गटाने रिकाम्या घरात ० टाकला, दुसऱ्याने रिकामंच ठेवलं, तिसऱ्याने रेघ मारली. कॅल्क शब्द असलेलं घर बेरजेत धरतच नाही आणि तसं सांगतही नाही, गुपचूप सोडून देतं, त्यामुळे "१२ मिमी" लिहिलेले सगळे दिवस बेरजेतून गायब. बेरीज येते, दिसायला व्यवस्थित असते, आणि चूक असते.

सगळं पुन्हा केलं. यावेळी दोन रकाने ठेवले, पहिल्यात वहीत जसं लिहिलंय तसंच्या तसं आणि दुसऱ्यात आपण ठरवलेला आकडा. "निरंक" म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता, तिथे ०. रिकामं म्हणजे माहीत नाही, तिथे रिकामंच. "थेंब थेंब" ला काय लिहायचं यावर आठवीत पूर्ण तास वाद झाला, शेवटी ० लिहायचं आणि शेजारी खूण करायची असं ठरलं. मुलं कंटाळतील असं वाटलं होतं, पण पहिल्यांदाच त्यांच्या निर्णयावर उत्तर अवलंबून होतं, त्यामुळे कुणी जागचं हललं नाही.

आलेख कशाला काढायचा हे पटावं म्हणून मधे एक दिवस अ‍ॅन्सकॉम्बचे चार संच दिले. फ्रान्सिस अ‍ॅन्सकॉम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हे मांडले, प्रत्येकी ११ जोड्यांचे चार संच. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची सरासरी ७.५, सहसंबंध, म्हणजे क्ष आणि य किती जोडीने वाढतात त्याचं माप, ०.८१६ च्या आसपास, सगळं सारखं. मुलांनी कॅल्कमध्ये काढून बघितलं, चारी ठिकाणी तेच. मग ठिपक्यांचा आलेख काढला तर एक साधारण सरळ रेषेत, एक कमानीसारखा, एकात एकच ठिपका वर पळालेला आणि एकात सगळे ठिपके एका उभ्या ओळीत, फक्त एक लांब. वर्गात एकदम गलका झाला.

आता आमच्या पावसाकडे. तारखेवरून वार काढायचं सूत्र लावलं, पिव्हट टेबलमध्ये वारानुसार सरासरी काढली, स्तंभालेख केला. सोमवारचा स्तंभ बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट! मंगळवार ते शनिवार सगळे थोड्याफार फरकाने सारखे आणि सोमवार ताडासारखा उंच. एक मुलगा म्हणाला मॅडम सोमवार महादेवाचा वार, त्र्यंबकेश्वर जवळ आहे म्हणून. दुसऱ्याचं म्हणणं रविवारी कारखाने बंद असतात त्याचा काहीतरी परिणाम. मी गप्प राहिले, कारण खरं सांगायचं तर मलाही लगेच कळलं नव्हतं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात फारशी बोलली नव्हती, ती म्हणाली, "मॅडम, रविवारचा स्तंभच नाहीये."

आम्ही सगळे मामांकडे गेलो. मामा बाहेर झाडांना पाणी घालत होते. त्यांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "रविवारी मी कुठं येतो पोरांनो, सोमवारी आलो की दोन दिवसांचं एकदमच मोजतो." आठ वर्षं वहीत हेच होत होतं आणि मामांचं यात काहीच चुकलं नव्हतं, त्यांना सुट्टी असते. मग मुलांनी स्वतःच शोधून काढलं की फक्त सोमवार नाही, १६ ऑगस्टचा आकडा पण मोठा येतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पण, गणपतीच्या सुट्टीनंतरचा तर सगळ्यात मोठा. म्हणजे आमचा आलेख पावसाचा कमी आणि शाळेच्या सुट्ट्यांचा जास्त होता.

यातून एक बारीक गोष्ट निघाली. महिन्याची बेरीज जवळपास बरोबरच राहते, कारण पाणी बाटलीत साठतं, हरवत नाही. पण दिवसाचा आकडा चुकतो. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६४.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर तो "जोरदार", ११५.६ च्या पुढे "अति जोरदार", आणि २.५ मिमी तरी पडला तरच तो पावसाचा दिवस. आमच्या वहीत "जोरदार" दिवस मोजले तर त्यातले बरेच सोमवार निघाले, जे खरं तर दोन साध्या दिवसांची बेरीज होते. आणि पावसाचे दिवस मोजले तर ते कमी भरले, कारण दोन दिवसांचा एक झाला. एकच वही, एका प्रश्नाला बरोबर उत्तर देते आणि दुसऱ्याला चूक. हे मी डी.एड., बी.एड. कुठेच शिकले नव्हते.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. एका गटाकडे ते वर्ष होतं, त्यांनी रेषालेख काढला, ४, ५, ६ ऑगस्टला काहीच नाही. त्या गटातला मुलगा उठून उभा राहिला, "मॅडम हे शक्यच नाही, चार ऑगस्टला पप्पांनी मला गाडीवरून पूर बघायला नेलं होतं, होळकर पुलावर गर्दी होती, दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी आलं होतं." नाशिककरांना सांगायला नको, दुतोंड्या मारुती ही गोदेच्या पात्रातली मूर्ती, आपल्याकडे गोदेचा पूर या मारुतीवरच मोजतात, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. वही काढली. ४ ऑगस्ट २०१९ ला रविवार, घर रिकामं. सोमवारी पावसामुळे शाळा भरलीच नाही, घर रिकामं. मंगळवारी मामांच्या अक्षरात दोन शब्द, "भरून वाहिलं". बाटलीच ओसंडून गेली होती. आणि तो शब्द होता म्हणून कॅल्कने तो धरला नाही. आठ वर्षांतला सगळ्यात मोठा पाऊस आमच्या आलेखात नव्हताच.

मला त्या दिवशी घरी जाताना फार अस्वस्थ वाटलं. आपण पेपरात, टीव्हीवर रोज किती आलेख बघतो, त्यात असे किती दिवस गळले असतील.

स्तंभालेखात ० आणि "माहीत नाही" सारखेच दिसतात, दोन्हीकडे काहीच नाही. म्हणून मुलांनी वेगळं चित्र केलं, कॅल्कमध्येच, एक आठवडा एक ओळ, सात वार सात रकाने, आणि आकड्यानुसार घराला निळा रंग, कमी पाऊस फिका, जास्त गडद. न मोजलेल्या घराला राखाडी. जिथे "भरून वाहिलं" तिथे जांभळा. पूर्ण आठ वर्षांचं हे चित्र तयार झालं तेव्हा रविवारचा राखाडी पट्टा वरपासून खालपर्यंत भिंतीसारखा उभा होता आणि शेजारी सोमवारचा गडद निळा. कुणालाही समजावून सांगायची गरजच पडली नाही. मुख्याध्यापक सर आले, एक मिनिट बघत राहिले आणि म्हणाले, उरलेल्या १० मशीनवर पण टाकून घ्या.

पुढे पायथन, ही प्रोग्राम लिहायची भाषा. आमचा एक माजी विद्यार्थी इंजिनिअरिंगला आहे, त्याने फोनवरून मदत केली. पायथनची एक गोष्ट मुलांना फार आवडली, वहीतला देवनागरी "१२" हा मजकूर int() ला दिला की त्याला तो बारा म्हणूनच कळतो. पण मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या साधनाने आलेख काढला आणि शीर्षकात नाशिकचं "नाशकि" झालं! वेलांटी श सोडून क ला जाऊन बसली. त्र्यंबकेश्वरचे तर तुकडे तुकडे, पाय मोडलेली अक्षरं एकामागे एक. कारण असं की देवनागरीत अक्षरं जोडून, मागेपुढे करून मांडावी लागतात आणि आमच्याकडच्या मॅटप्लॉटलिबमध्ये ती मांडणी होत नव्हती, ते एकेक चिन्ह ओळीने ठेवून मोकळं. फॉन्ट बदलून उपयोग नाही, मी तीन बदलून बघितले. शेवटी तो विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, पीएनजी चित्र नका करू, एसव्हीजी फाईल करा आणि एसव्हीजी फॉन्टटाइप नन ठेवा." म्हणजे मॅटप्लॉटलिब अक्षरांचं चित्र काढत नाही, अक्षरं अक्षरंच ठेवतं, आणि फायरफॉक्समध्ये फाईल उघडली की ब्राउझर ती नीट जोडतो. केलं. नाशिक पुन्हा नाशिक झालं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण मराठीत आलेख काढणाऱ्या कुणालाही हे अडू शकतं, आणि बरेच जण इथेच कंटाळून इंग्रजी नावं टाकतात. आपल्या गावाचं नाव आपल्या लिपीत नीट आलंच पाहिजे, ते सोडू नका.

मॅटप्लॉटलिब बनवलं जॉन हंटर यांनी, २००३ च्या सुमारास, मेंदूतल्या लहरींची नोंद बघायला त्यांना हवं होतं म्हणून, आणि सगळ्यांना देऊन टाकलं. ते २०१२ साली गेले. मुलांना हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, मग आता ते कोण सांभाळतं? मी म्हणलं, जगभरातले लोक, तू पण सांभाळू शकतेस. तिला ते खरं वाटलं नाही, पण खरंच आहे.

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मुक्त सॉफ्टवेअरवर जिल्ह्याचा नकाशा केला ते थोडक्यात सांगते. कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर तालुकावार पाऊस मिळतो, तो १५ तालुक्यांच्या नकाशाला जोडायचा होता. जोडला तर दोन तालुके पांढरेच. एका यादीत पेठ, दुसरीत पेंट, एकीकडे सटाणा, दुसरीकडे बागलाण. नाव तंतोतंत जुळलं नाही की जोडणी होत नाही. ते हाताने दुरुस्त केलं. मग रंगांचे गट समान अंतराने पाडले तर इगतपुरी एकटं गडद आणि पूर्वेकडचे सगळे तालुके एकाच फिक्या रंगात, येवला, नांदगाव, सिन्नर, मालेगाव यांच्यातला फरकच दिसेना. गट पाडायची पद्धत बदलली, प्रत्येक रंगात सारखेच तालुके येतील अशी केली, तर पूर्वेकडचा फरक उठून आला पण इगतपुरी आणि पेठ एकसारखे वाटायला लागले. दोन्ही नकाशे खरे. आम्ही दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि खाली लिहिलं की रंग कसे पाडलेत.

आणि पेनड्राइव्हचं सांगायचं राहिलं. रविवारचा स्तंभ नाही म्हणणारी जी मुलगी, तिच्या घरी भावाचा जुना लॅपटॉप होता. तिने विचारलं, मॅडम मी हे सगळं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घरी नेऊ का, चालतं का? मी म्हणलं ने, चालतं. तिच्या वडलांची द्राक्षबाग आहे दिंडोरीच्या बाजूला, ते डायरीत फवारणीच्या तारखा आणि पाऊस लिहितात. तिने ती डायरी भरली, ऑक्टोबर छाटणीपासून रोजचा पाऊस वर आणि फवारण्या खाली खुणांनी. महिन्याभराने तिचे वडील शाळेत आले. मला वाटलं काही तक्रार आहे. त्यांनी मोबाईलवर ते चित्र दाखवलं, "मॅडम, मोठ्या कागदावर प्रिंट होईल का, शेडमध्ये लावतो. पाऊस झाल्यावर डावणी रोगाचा फवारा आम्ही दर वेळी दोन दिवस उशिरा मारलाय, हे लिहून ठेवलं होतं पण दिसलं नव्हतं." प्रिंट आम्ही काढून दिली. त्या सॉफ्टवेअरची कॉपी घरी द्यायला बंदी असती तर हे चित्र झालंच नसतं.

या वर्षी जूनपासून रविवारची पाळी लावलीय. शाळेजवळ राहणारी आठ मुलं आळीपाळीने येतात, गच्चीची चावी मामांनी त्यांच्याकडे दिलीय, मोजपात्र कसं धरायचं, डोळा पाण्याच्या रेषेत कसा ठेवायचा ते पण मामांनीच शिकवलं. पहिल्या रविवारी मी पण गेले होते. पाऊस पडलाच नव्हता, बाटली कोरडी. पाळीवरच्या मुलाने वही उघडली आणि पेन तसंच धरून विचारलं, मॅडम रिकामं सोडू? त्याच्याबरोबर आलेल्या मुलीने मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, "रिकामं कशाला, मोजलंय ना आपण. शून्य लिही."